चावीसोबत वेसण

तुळशीचे लग्न उरकले की सेनगावात आणि आसपासच्या गावांत लग्नसराई सुरू होते. मंगल कार्यालयासमोर दुपारपर्यंत गाड्यांची रांग रस्त्यावर येते. पुण्याहून, संभाजीनगरहून, नांदेडहून आलेले पाहुणे गाडी कुठे लावावी या विचारात असतानाच यजमानांच्या घरचा एखादा तरुण पुढे येतो. "मामा, चावी द्या. तुम्ही आत चला, मी सावलीला लावतो." मामा चावी देतात आणि अक्षता घ्यायला आत जातात.

मोठ्या शहरातल्या हॉटेलात हेच काम गणवेशातला माणूस करतो आणि त्याला व्हॅले पार्किंग म्हणतात. आपल्याकडे त्याला नाव नाही, पण चाल तीच आहे. ज्या गाडीची ताकद आपल्याला माहीत आहे ती गाडी, जो तिला आज पहिल्यांदाच हात लावतो आहे अशा माणसाच्या ताब्यात आपण देतो. पूर्वी सावडीला बैल देताना असे होत नसे. बुजणारा बैल असेल तर मालक वेसण आणि कासरा हातात देतानाच सांगायचा, "हा डाव्या अंगाला ओढतो, कासरा आखूड धर." गाडीची चावी देताना आपण असे काही सांगत नाही. गाडीलाच वेसण घालायची सोय मात्र आता आली आहे. ती काय आहे, कुठून आली आणि कितपत उपयोगाची आहे, ते इथे मांडतो.

पहिल्या सेकंदात काय घडते

गाडी किती जोरात पळते यापेक्षा ती जागेवरून किती जोरात सुटते, हा पार्किंगमधला खरा प्रश्न आहे. मंगल कार्यालयाच्या आवारात कोणी ताशी १२० किलोमीटरने जात नाही. अपघात होतो तो ब्रेकऐवजी चुकून अॅक्सिलरेटर दाबला गेल्यावर, किंवा पाय अंदाजापेक्षा जास्त खाली गेल्यावर.

साधा हिशोब करून पाहू. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला ३ सेकंद घेणारी स्पोर्ट्स कार घ्या. वेग सारख्या दराने वाढतो असे धरले, तर पहिल्या एका सेकंदात ती सुमारे साडेचार मीटर पुढे जाते आणि तिचा वेग ताशी ३३ किलोमीटर होतो. साडेचार मीटर म्हणजे गाडीची स्वतःची लांबी. आता हाच वेग गाठायला १२ सेकंद घेणारी साधी गाडी घ्या. ती त्याच एका सेकंदात मीटरभरापेक्षा थोडी जास्त सरकते आणि तिचा वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास असतो. आपली चूक झाली हे कळून पाय उचलायला माणसाला साधारण सेकंदभर लागतोच. साध्या गाडीत तेवढ्यात बंपर घासेल. स्पोर्ट्स कारमध्ये तेवढ्यात समोर खुर्च्या मांडणारा माणूस चेंगरलेला असेल. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग चौपट झाला की त्याच वजनाच्या गाडीचा मार सोळापट होतो.

हे फक्त करोडोंच्या गाड्यांपुरते राहिलेले नाही, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते. चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ ही विजेवरची गाडी, मोठ्या बॅटरीसह, ६.७ सेकंदांत ताशी १०० गाठते असे कंपनी सांगते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा आकडा आपल्या भागात कोणाच्याच दारात नव्हता. शिवाय विजेच्या गाडीला इंजिनाचा आवाज नाही आणि क्लच नाही. जुन्या जीपमध्ये रेस वाढली की आवाजाने पाय आपोआप सैल व्हायचा. क्लच चुकला तर गाडी बंद पडायची आणि तेवढ्यानेच कित्येकदा निभावून जायचे. तो इशारा आता मिळत नाही. मोटर सुरुवातीपासूनच पूर्ण ओढ देते.

कॉर्व्हेटची वेगळी चावी

परक्याच्या हाती देताना गाडीची ताकद कमी करायची, ही कल्पना कारखान्यातूनच गाडीत बसवून आली त्याचे एक ठळक उदाहरण १९९० सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेट झेडआर-१ चे आहे. तिचे एलटी५ नावाचे इंजिन इंग्लंडच्या लोटस कंपनीच्या मदतीने घडवले गेले. ५.७ लिटर, आठ सिलिंडर, बत्तीस व्हॉल्व्ह आणि ३७५ अश्वशक्ती. त्या काळात हा आकडा डोळे विस्फारणारा होता. गाडीच्या आत चालवण्याच्या नेहमीच्या चावीखेरीज आणखी एक चावी होती. ती फिरवून काढून घेतली की गाडी अर्ध्या मनाने चालायची.

आतली रचना सुरेख होती. प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेण्याच्या दोन वाटा होत्या आणि दोन्हींना इंधनाचे वेगळे इंजेक्टर होते. साध्या चालीत एकच वाट उघडी असे. पाय जोरात दाबला की दुसरी उघडायची आणि पूर्ण ताकद मिळायची. ती चावी काढून घेतली की दुसरी वाट उघडतच नसे. येलदरीच्या धरणाला जसे अनेक दरवाजे आहेत आणि मागे पाणी कितीही असले तरी उघड्या दरवाजांतून जाईल तेवढेच पूर्णेत उतरते, तसेच हे. इंजिन तेच, पेट्रोल तेच, पाय दाबणाराही तोच. फक्त दरवाजा बंद.

मला या जुन्या युक्तीचा आदर वाटतो तो तिच्या ठामपणामुळे. मालकाने चावी खिशात घातली की प्रश्न मिटला. बटण दाबून पूर्ण ताकद परत चालू करता येत नसे. आजच्या कित्येक सोयींमध्ये नेमका हाच ठामपणा नाही.

तारेच्या जागी संगणक

आज हे काम संगणक करतो. पूर्वी अॅक्सिलरेटरचे पेडल तारेने थेट इंजिनाच्या झडपेला जोडलेले असे. पाय जेवढा दाबाल तेवढी झडप उघडे. आता पेडलखाली एक सेन्सर असतो. पाय किती दाबला हे तो गाडीच्या संगणकाला कळवतो आणि झडप किती उघडायची हे संगणक ठरवतो. डिझेल गाडीत तो इंधनाचे प्रमाण ठरवतो, विजेच्या गाडीत मोटरला जाणारा विद्युतप्रवाह. पाय ही आता आज्ञा राहिलेली नाही, विनंती झाली आहे. त्यामुळे ती विनंती कितपत मान्य करायची हे आधी ठरवून ठेवता येते.

२०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटबरोबर दोन रंगांच्या चाव्या आल्या. लाल चावीने पूर्ण ७०७ अश्वशक्ती, काळ्या चावीने ५०० पर्यंत मर्यादा. पाचशे अश्वशक्ती ही मर्यादा म्हणायची का, हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून त्याच गाडीत व्हॅले मोड वेगळा होता. चार आकडी पिन टाकला की इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर जात नसे आणि गाडी पहिल्या गिअरऐवजी दुसऱ्यातून सुटायची. त्यातली दुसऱ्या गिअरची अट मला जास्त महत्त्वाची वाटते. फेऱ्या रोखल्याने वरचा जोर कमी होतो, पण जागेवरून सुटतानाचा झटका पहिल्या गिअरमधून येतो आणि पार्किंगमध्ये धोका तोच असतो. पुढे २०२१ मध्ये याच कंपनीने चोरीला आळा घालण्यासाठी आणखी एक मोड आणला. योग्य पिन टाकला नाही तर इंजिन जेमतेम आयडलवर फिरते आणि त्याची ताकद ३ अश्वशक्तीच्याही आत राहते. आपल्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर असते, त्याहून कमी. चोर गाडी चालू करेल, पण गल्लीच्या तोंडापर्यंत नेतानाच दमेल.

टेस्लाच्या गाड्यांतला व्हॅले मोडही पिनवर चालतो. त्यात वेग ताशी साधारण ११३ किलोमीटरवर अडवला जातो आणि गाडीची ओढ सौम्य केली जाते. पुढची डिकी आणि डॅशबोर्डचा कप्पा बंद होतो. पडद्यावरून घराचा आणि कामाच्या जागेचा पत्ताही लपवला जातो. हा शेवटचा भाग मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो, कारण गाडीबरोबर आपण घरचा रस्ताही परक्याच्या हाती देत असतो. टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातले पहिले दालन उघडले, तेव्हा ही सोय आता महाराष्ट्राच्या रस्त्यावरही आहे.

२०१५ च्या कॉर्व्हेटमध्ये आणखी एक पायरी पुढे जाऊन, व्हॅले गाडी चालवत असताना चित्र आणि आतला आवाज दोन्ही टिपण्याची व्यवस्था दिली होती. अमेरिकेतल्या काही राज्यांत माणसाच्या संमतीविना त्याचे बोलणे टिपणे गुन्हा ठरतो. कंपनीला २०१४ मध्येच मालकांना सांगावे लागले की ही सोय तूर्त वापरू नका. गाडीला वेसण घालणे योग्यच. चालवणाऱ्याच्या बोलण्यावर कान ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मला पटत नाही.

ट्रॅक्टरला हे आधीपासून आहे

सेनगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी वाटायचे कारण नाही. सोयाबीनच्या मळणीला लावलेला ट्रॅक्टर पाहा. मळणी यंत्रात एकदम जास्त काड गेला की ट्रॅक्टर क्षणभर दबतो आणि लगेच सावरतो. काड संपला की फेऱ्या वाढू पाहतात, पण वाढत नाहीत. ही करामत डिझेल पंपातल्या गव्हर्नरची. आत फिरणारी वजने असतात. फेऱ्या वाढल्या की ती बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी करतात. फेऱ्या घटल्या की स्प्रिंग त्यांना आत ओढते आणि डिझेल वाढते. वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॅटने १७८८ मध्ये वापरलेले तत्त्व हेच.

त्या पंपावर जास्तीत जास्त फेऱ्या ठरवणारा स्क्रू असतो आणि तो तारेने सील केलेला असतो. सील तोडून पंप वाढवून घेणारे लोक आपल्याकडे आहेत. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून चढ चढवायचा म्हणून ते केले जाते. इंजिन त्याने लवकर खराब होतेच. मोठा तोटा असा की नवा सालदार किंवा पोरगा त्या ट्रॅक्टरवर बसला, तर त्याला रोखणारे यंत्रात काहीच उरत नाही.

माल आणि प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना कायद्यानेच ही वेसण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ मध्ये २०१५ साली बदल झाला. १ ऑक्टोबर २०१५ पासून बनणाऱ्या बहुतेक व्यावसायिक वाहनांना वेग नियंत्रक बसवणे सक्तीचे झाले. मर्यादा ताशी ८० किलोमीटर, आणि शाळेची बस, डंपर, टँकर यांना ६०. चालकांच्या बोलीत हा 'स्पीड लॉक'. खासगी मोटारींना मात्र हा नियम नाही. त्यांच्यासाठी १ जुलै २०१९ पासून फक्त इशारा आहे. ताशी ८० ओलांडले की टुकटुक, १२० ओलांडले की सतत आवाज. म्हणजे ज्याच्या हाती आठवड्याचे सातही दिवस गाडी असते त्या ट्रकचालकाला कुलूप आहे, आणि जो लग्नात पाच मिनिटांपुरती परक्याची गाडी घेतो त्याला फक्त शिट्टी.

तुमच्या गाडीत काय आहे

भारतात सामान्य किमतीच्या गाडीत खरी मर्यादा घालणारी चावी आली होती. फोर्डने २०१५ मध्ये फिगो अस्पायरमध्ये 'माय की' दिली. दोन चाव्यांपैकी एकीवर मालकाने कमाल वेग आणि गाण्याचा आवाज ठरवून ठेवायचा आणि ती चावी घरातल्या नवशिक्याला द्यायची. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले आणि ही चांगली गोष्ट त्याबरोबर मागे पडली. दुसऱ्या कंपन्यांनी ती उचलून धरायला हवी होती.

आज जास्त आढळते ती मोबाइलवरची सोय. उदाहरणार्थ ह्युंदाईच्या ब्लूलिंकमध्ये गाडीने ठरावीक वेग ओलांडला, ठरावीक हद्द सोडली किंवा ठरावीक वेळेबाहेर ती चालू झाली, तर मालकाच्या फोनवर निरोप येतो. गाडी रिसोडच्या रस्त्याला लागली हे जेवणाच्या पंगतीत बसून कळणे उपयोगाचेच. पण निरोप येतो तो घडून गेल्यावर. त्याला मर्यादा म्हणता येत नाही.

इको मोडवर ठेवून चावी दिली तर पेडल थोडे सुस्त होते, म्हणून ते जरूर करावे. मात्र तो एका बटणाने बदलतो आणि अनेक गाड्यांत पाय तळापर्यंत दाबला की पूर्ण ताकद मिळतेच. क्रूझ कंट्रोलबरोबर येणाऱ्या स्पीड लिमिटरचेही तसेच, कारण तो मुद्दाम दिलेल्या जोराच्या दाबाने सुटतो. गाडीच्या पुस्तिकेत 'व्हॅले' हा शब्द शोधा आणि सापडला तर नीट वाचा. काही गाड्यांत त्याचा अर्थ फक्त पडद्यावरची खासगी माहिती झाकणे एवढाच असतो, इंजिनाला तो हातही लावत नाही.

आणि गाडीत काहीच नसेल, तर स्वतः जाऊन गाडी लावावी. नवरदेव मंडपाकडे निघायला अजून वेळ असतो.

कायदा मालकाकडे पाहतो

हॉटेलच्या व्हॅलेबद्दल एक महत्त्वाचा निकाल आहे. १९९८ मध्ये दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एका ग्राहकाने मारुती झेनची चावी व्हॅलेकडे दिली आणि गाडी चोरीला गेली. पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असे छापलेले होते. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गाडी आणि चावी ताब्यात घेतल्यावर ती विश्वासाने सोपवलेली ठेव ठरते. तिची योग्य काळजी घेतली हे हॉटेलने दाखवायला हवे, छापील ओळीमागे लपता येणार नाही. हा निकाल गाडीच्या नुकसानीबद्दलचा आहे. चालवणाऱ्याने कोणाला धडक दिली तर गोष्ट वेगळी होते.

परवाना नसलेल्याला गाडी चालवू देणे हा मालकाचा स्वतंत्र गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चालवणारा १८ वर्षांखालचा असेल तर २०१९ मध्ये आलेले कलम १९९अ लागते. पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. विम्यावर विसंबणेही धोक्याचे. परवाना नसलेल्या चालकाच्या अपघातात विमा कंपनी पीडिताला भरपाई देते आणि नंतर ती मालकाकडून वसूल करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्श टायकानने दुचाकीला धडक दिली आणि २४ वर्षांचे दोन अभियंते गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता. त्या प्रकरणावर खूप बोलले गेले. दारू, पैसा, रक्ताचे नमुने यांच्या चर्चेत एक साधा प्रश्न मागे पडला असे मला वाटते. ताशी १०० किलोमीटर काही सेकंदांत गाठणारे यंत्र, त्याची संपूर्ण ताकद मोकळी ठेवून, घराबाहेर पडूच कसे शकते?

मर्यादा किती, आणि पिन कोणाकडे

ताकद फार कमी करणेही बरे नाही. आवारात गाडी लावायला ताशी २० चा वेग पुरतो, पण ड्रायव्हरला पाहुण्यांना घेऊन हिंगोलीला जायचे असेल तर अरुंद रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला मागे टाकताना ताकद लागते. ओव्हरटेकच्या मधोमध गाडीने नकार दिला तर तो धोका स्पोर्ट्स कारच्या झटक्याइतकाच मोठा. म्हणून पार्किंगसाठी वेगळी आणि रस्त्यासाठी वेगळी मर्यादा हवी. पार्किंगसाठी ओढ कमी करावी. रस्त्यासाठी ओढ ठेवून कमाल वेग ८०-९० वर अडवावा.

पिनचा प्रश्न त्याहून नाजूक. रात्री दोन वाजता घरात कोणाच्या छातीत कळ आली आणि गाडी व्हॅले मोडमध्ये अडकलेली असेल, पिन फक्त पुण्याला गेलेल्या मुलाच्या डोक्यात असेल, तर ती सोय जिवावर बेतेल. घरातल्या दोघांना तरी पिन तोंडपाठ हवा. गाडी परत आल्यावर मोड काढायचा हेही लक्षात ठेवावे लागते.

चालवणाऱ्याच्या बाजूने

या सगळ्यात चावी घेणारा तरुण संशयित ठरतो, असे काहींना वाटेल. माझे मत उलट आहे. त्या पोराला त्या दिवशी वीस वेगवेगळ्या गाड्या हलवायच्या असतात. एकीचा ब्रेक कडक, दुसरीचा सैल. एकीत गिअर खाली, दुसरीत पडद्याशेजारी फिरवायचे चाक. विजेच्या काही गाड्यांत पाय उचलला की गाडी स्वतःच थांबते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याच्याकडून चूक झाली तर मामा त्याच्यावर ओरडतील, यजमान त्याच्यावर ओरडतील, आणि बंपरचे पैसे त्याच्या बापाने सोयाबीन विकून द्यायचे. ताकद कमी केलेली गाडी त्या पोरालाही वाचवते.

म्हणून चावी देताना मोडबरोबर दोन वाक्येही द्यावीत. गाडी विजेची आहे, आवाज येणार नाही. पाय हळू ठेव, ब्रेक डाव्या बाजूचाच आहे पण हलका आहे. परवाना आहे ना, हे विचारायला लाजू नये. तो आधी थोडा चमकेल, मग खिशातून फोन काढून दाखवेल. नसेल तर तोच सांगेल, "थांबा मामा, भाऊला बोलावतो," आणि मंडपात जाऊन मोठ्या भावाला हाक मारून आणेल.